सोळा पोरे आणि टिपेश्वरचे रान

"उन्हाळ्यात पांढरकवड्याला चाललोय," असे मी घरी जाहीर केले, तेव्हा आईने विचारले, "तिथे आपले कोण आहे?" वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर करून विचारले, "आणि हे आहे तरी कुठे?" दोन्ही प्रश्नांना माझ्याजवळ धड उत्तर नव्हते. मुलांची निसर्गशिबिरे भरविणाऱ्या एका संस्थेने मला महिनाभरासाठी गटनायक नेमले होते. काम असे : शहरातली तेरा ते सोळा वर्षांची मुले घेऊन जायची, त्यांना रान दाखवायचे आणि जेवढी नेली तेवढी परत आणायची. "म्हणजे गुराख्याचे काम," वडील म्हणाले. पुढे मला कळले की गुराख्याचे काम यापेक्षा पुष्कळ अवघड असते आणि तो ते पुष्कळ चांगले करतो.

ही 2019 च्या मे महिन्यातली गोष्ट.

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातले गाव, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे. तालुक्याचे नाव मात्र केळापूर, आणि कचेऱ्या पांढरकवड्यात. केळापूरची जगदंबा या मुलखाचे मोठे दैवत. नवरात्रात तिथे गर्दी लोटते. पैनगंगा ओलांडली की तेलंगण सुरू होते, त्यामुळे बाजारात वऱ्हाडीबरोबर तेलुगूही कानांवर पडते. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव आहे खुनी. हे नाव ऐकताच आमच्या सोळाही पोरांचे डोळे चमकले. प्रत्यक्ष नदी पाहिली तेव्हा मे महिन्याच्या उन्हात तिच्यात दगड, वाळू आणि दोन-चार डबकी एवढाच ऐवज होता. "हिचाच कोणीतरी खून केलाय," एक पोरगा म्हणाला.

ऊन काय असते हे पुण्या-मुंबईच्या माणसाने इथे येऊन पाहावे. सकाळी नऊनंतर बाहेर पडण्याची सोय नाही. म्हणून आम्ही पहाटे पाचाला निघत असू : डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, खांद्याला पाण्याची बाटली. टिपेश्वर अभयारण्य इथून जवळच. 1997 साली ते घोषित झाले. क्षेत्र सुमारे 148 चौरस किलोमीटर. नाव पडले रानातल्या टिपाई देवीवरून. आत पायी हिंडायला परवानगी नाही, गाडीतूनच जायचे. तेव्हा एक दिवस गाडीची फेरी आणि बाकीचे दिवस अभयारण्याबाहेरच्या शेतांतून, नाल्यांतून पायपीट, असा आमचा कार्यक्रम होता. सागाची पाने झडलेली, जमीन तापून तांबडी झालेली, आणि अशा रखरखाटात एखादा मोह नव्या पालवीने उभा. चितळे दिसली, रोही दिसले, मोर तर इतके दिसले की तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कोणी बघेना. वाघ दिसला नाही. मुलांचा हिरमोड झाला. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले.

त्याला कारणही होते. आदल्याच वर्षी, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री, शेजारच्या राळेगाव तालुक्यात बोराटीच्या शिवारात टी-1 वाघीण गोळी घालून मारली गेली होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शहरांत तिला 'अवनी' म्हणत. तिच्यासाठी लोक कोर्टात गेले होते, नंतर मोर्चेही निघाले. आमच्यातल्या एका मुलीने त्या मोर्चात मेणबत्ती धरली होती. ती पहिल्या दिवसापासून मला विचारत होती, "दादा, इथल्या लोकांना तिचं काहीच कसं वाटलं नाही?" मी उत्तर टाळत होतो.

चौथ्या दिवशी आम्ही एका कोलाम पोडावरून परतत होतो. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. त्यांची बोली कोलामी, द्राविड कुळातली. तेंदूपानांचा हंगाम होता. अंगणाअंगणांत बायका पाने जुळवून पुडे बांधीत होत्या. मुलांनी ते पाहिले, वहीत टिपले, आणि आम्ही निघालो. अर्ध्या तासाने नाल्याशी मी डोकी मोजली. पंधरा.

पुन्हा मोजली. पंधराच. चश्मेवाला मुलगा नव्हता.

वाचकहो, त्यानंतरची वीस मिनिटे मी कशी काढली ते मलाच ठाऊक. पोड सोडताना मी डोकी मोजली नव्हती. नेम मोडला होता तो मीच. पंधरा जणांना घेऊन मी त्याच वाटेने मागे फिरलो. कोणी बोलत नव्हते. प्रत्येक झुडपाआड मला काही हलताना दिसे.

तो सापडला एका म्हातारीच्या अंगणात. बाटली विसरली म्हणून परत गेला होता आणि मग एकट्याने निघण्याचे धैर्य होईना. म्हातारीने त्याला सावलीत बसवून पाणी दिले होते, आणि चिरंजीव पुडे बांधायला शिकत होते. मला पाहताच म्हातारी कडाडली,

"काऊन भाऊ, नेतानी मोजून नेता, अन् आनतानी मोजत नाई? आमी पानं तोडाले जातो त एकमेकीले हाका मारत जातो. एकीची हाक आली नाई, की साऱ्या जागीच थांबतात."

मी खाली मान घालून ऐकून घेतले. मग ती मेणबत्तीवाली मुलगी पुढे झाली आणि तिने विचारलेच, "आजी, ती वाघीण मेली तेव्हा तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

म्हातारी पाने जुळवीत राहिली. मग म्हणाली, "वाटलं ना माय. तिलेबी दोन पिल्लं होती. पन त्या रात्री लेक वावरातून घरी आला, अन् म्या पयल्यांदा सुखानं झोपली. दोनी खरं हाय."

परतीच्या वाटेवर कोणीही न सांगता मुले एकमेकांना हाका मारीत चालली. मी मात्र दर शंभर पावलांवर डोकी मोजीत होतो. रात्री त्या मुलीने वही उघडून बराच वेळ काहीतरी लिहिले. काय ते मी विचारले नाही. चश्मेवाल्याच्या घरी मी स्वतः फोन करून घडले ते सांगितले. त्याचे वडील बोलले ते इथे लिहिण्याजोगे नाही, पण रास्त होते.

शिबिर संपले, सोळाच्या सोळा घरी पोचली. डिसेंबरात त्या मुलीचा फोन आला. "दादा, बातमी वाचली?" टिपेश्वरचा एक तरुण वाघ, फेब्रुवारीत गळ्यात रेडिओ कॉलर बसवलेला, जूनमध्ये रान सोडून निघाला होता. तेलंगणातून आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांतून तेराशे किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. म्हणजे आम्ही तिथे होतो तेव्हा तोही त्याच रानात होता!

"एवढ्या गावांजवळून गेला," ती म्हणाली, "म्हणजे तितक्या आज्या त्या रात्री जाग्या असतील, नाही?"

मेणबत्ती धरणाऱ्या मुलीच्या तोंडी हा प्रश्न ऐकून मला वाटले, महिन्याचे मानधन आत्ता कुठे पदरात पडले. वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, "ठीक आहे. पण पुढच्या वेळी निघण्याआधी मोजत जा."