काळवत्रीचे दोन काठ

करकंबच्या शिवारात काळ्या मातीचा थर उकरला की मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळवत्री, म्हणजे एकसंध, चिवट आणि सुरुंगालाही सहजासहजी दाद न देणारा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचे जे पठार घडले, त्याचाच हा एक तुकडा होय. पंढरपूर तालुक्यातील या गावाहून पश्चिमेला निघून, सह्याद्री ओलांडून कोकणात उतरले असता श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ, हरिहरेश्वरच्या टेकडीखाली तोच पाषाण समुद्राला भिडलेला दिसतो. पंढरपूर आणि हरिहरेश्वर या दोन्ही क्षेत्रांना भाविक दक्षिण काशी म्हणतात, हा योगायोग मानता येईल; पण दोन्हीकडचा खडक एकाच कुळातला आहे, हा मात्र योगायोग नव्हे. वेगळा आहे तो त्या खडकाला लागून असलेल्या पाण्याचा स्वभाव, आणि देशावरच्या माणसाला हा वेगळेपणा बहुधा फार उशिरा कळतो.

देशावरची मुले पोहायला शिकत आली ती विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा हवाबंद पत्र्याचा डबा बांधून सुरू झालेले हे शिक्षण कठड्यावरून सूर मारण्यापर्यंत आणि तळाची माती मुठीत घेऊन वर येण्यापर्यंत पोहोचले, की गावाच्या लेखी ते पूर्ण होते. विहिरीच्या भिंतीवर उपशाच्या खुणा आडव्या रेघांनी उमटलेल्या असतात, कपारीतून पारवे फडफडत बाहेर पडतात, आणि पाणी किती आहे हे परसात, म्हणजे माणसाच्या उंचीवरून ठरलेल्या जुन्या मापात, सांगितले जाते. या पाण्याचा धोका असतो तो त्याच्या खोलीत आणि तळाच्या गाळात. काठ मात्र विश्वासाचा असतो, कारण पाणी काल जिथे होते तिथेच आजही असते, फार तर हातभर खाली गेलेले. म्हणूनच विहिरीत तयार झालेल्या पोहणाऱ्याच्या अंगात एक गोष्ट पक्की मुरते, ती ही की एकदा काठ हाताला लागला म्हणजे माणूस वाचला.

हरिहरेश्वरचा काठ नेमका हाच समज मोडून काढतो. प्रदक्षिणेची वाट कड्याच्या एका अरुंद घळीतून पायऱ्यांनी खाली येते आणि लाटांनी झिजवून सपाट केलेल्या खडकाच्या पट्टीवर उतरते, जिला भूरूपशास्त्रात तरंगघर्षित मंच असे नाव आहे. कड्याच्या पायथ्याशी पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. फवाऱ्यातले खारे पाणी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते, वाळते, त्यातील मिठाचे स्फटिक वाढून कणाकणाने दगड फोडतात, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या कोरण्यातून ती घडते. बोट फिरवले तर एकेका खळग्याची कड धारदार लागते, तळाशी मिठाची पांढुरकी पूड असते आणि खालच्या, रोज भिजणाऱ्या भागात कालवांची पात्यासारखी शिंपली दगडाला घट्ट चिकटलेली असतात. ही सारी पट्टी भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने वेळ रोज पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती अधिक चढते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती कमी चढते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला पंचांग न उघडताही ठाऊक असते. देशावरून सहलीला आलेल्याला ते ठाऊक नसते, आणि या खडकांवर जे जीव गेले आहेत त्यांच्याकडे पाहता या अज्ञानाबद्दल गप्प राहणे योग्य वाटत नाही.

लाट ही पाण्याची वाटचाल नसून पाण्यातून पुढे जाणारी ऊर्जा असते. भर समुद्रात पाण्याचा कण जागच्या जागी वर्तुळात फिरून जवळपास पूर्वस्थळी येतो. पण तळ उथळ होऊन पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाटेचा माथा पायापुढे झुकतो आणि ती फुटते. वाळूच्या उताराच्या किनाऱ्यावर ही फूट लांबवर विभागली जाते, तर खडकाळ काठाशी खोली एकदम कमी होत असल्याने सारा जोर एकाच जागी उतरतो. एक घनमीटर समुद्राचे पाणी सुमारे १,०२५ किलो भरते, हे लक्षात घेतले म्हणजे कमरेएवढी लाटही धडधाकट माणसाला का फेकून देते ते उमगते. फुटलेल्या लाटेच्या फेसात हवा मिसळलेली असल्याने तिथले पाणी माणसाला नेहमीइतके उचलूनही धरत नाही. जिथे तरंगण्याची सर्वांत जास्त गरज असते तिथेच आधार कमी पडतो. शिवाय लाटा सारख्या नसतात. काही लहान लाटांनंतर मोठ्या लाटांचा एक जथा येतो, आणि पाच मिनिटे शांत वाटलेला खडक सहाव्या मिनिटाला धुऊन निघतो. हा जथा हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने धाडलेलाही असू शकतो, त्यामुळे निरभ्र आकाश आणि पडलेला वारा यांवरून समुद्राची परीक्षा होत नाही. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा दूरच्या लाटांचे अंदाज देते, ते एवढ्यासाठीच.

अशा समुद्रात होडीचा आधार न घेता, पाठीवर हवेचे नळकांडे घेऊन काठावरूनच पाण्यात उतरणे हा स्कूबा डायव्हिंगचा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि खडकाळ, खवळत्या काठावर तो सर्वांत कसाचा ठरतो. महाराष्ट्रात हौशी डायव्हिंग मुख्यतः मालवण-तारकर्लीच्या भागात चालते आणि तिथे बहुधा होडीनेच जातात, यामागे त्या किनाऱ्याची जुनी जाण आहे. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, तेव्हा भोवतालचे पाण्याखालचे खडक आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा हाच किल्ल्याचा पहिला तट ठरला. वाट माहीत असलेली होडीच तिथे सुखरूप लागू शके. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, त्यात याच खडकांवरचे प्रवाळ आणि इतर जीवन येते. ज्या खडकाने होड्या फोडल्या त्यानेच प्रवाळाला धरून राहायला जागा दिली, ही गोष्ट मनाला भिडणारी आहे.

काठावरून उतरणाऱ्याचे पहिले काम पाहत राहण्याचे असते. उंच, कोरड्या जागी उभे राहून वीसेक मिनिटे पाणी न्याहाळायचे, मोठा जथा किती वेळाने येतो ते टिपायचे, आणि आत शिरण्याच्या जागेआधी बाहेर पडण्याची जागा ठरवायची, तीही एकाऐवजी दोन. कारण आत असताना भरती चढली तर पहिली जागा नाहीशी झालेली असते. डोळ्यांवरचा मुखवटा आणि नळकांड्यातली हवा तोंडात आणणारी श्वासनळी कोरड्या खडकावरच बसवून, तरंगत ठेवणाऱ्या जाकिटात थोडी हवा भरून, मोठ्या जथ्यातली शेवटची लाट ओसरू लागताच तिच्या माघारीबरोबर आत सरायचे आणि फुटीचा पट्टा न रेंगाळता ओलांडायचा. विहिरीतल्यासारखा सूर इथे मारायचा नसतो, कारण लाटेच्या पोटात पाण्याची उंची क्षणाक्षणाला बदलते आणि उडी घेताना दिसलेले पाणी अंग पोहोचेपर्यंत तिथे उरत नाही.

पट्ट्यापलीकडे, आठ-दहा मीटर खाली, आवाज विझतो, पण हालचाल थांबत नाही. लाटेचा परिणाम तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचतो, आणि दर १० सेकंदांनी येणाऱ्या लाटेची खोल समुद्रातली लांबी सुमारे १५६ मीटर असल्याने काठाजवळच्या कोणत्याही डुबकीत पाणी माणसाला पुढे-मागे झुलवतच राहते. खडकाला धरून या झोक्याशी झगडणारा लवकर दमतो. झोक्याबरोबर पुढे जाऊन माघारीच्या वेळी स्वस्थ राहणारा त्याच हवेत दूर जातो. हवेचा हिशेबही कडक असतो. सुमारे ११ लिटरच्या नळकांड्यात २०० बार दाबाने भरलेली हवा वातावरणाच्या दाबाला २,२०० लिटर होते, १० मीटर खोलीवर दाब दुप्पट झाल्याने ती दुप्पट वेगाने संपते, आणि धडपडीत त्याहून वेगाने. म्हणून परतीच्या फुटीसाठी तिचा भरपूर साठा राखून वळावे लागते.

बाहेर पडणे उतरण्यापेक्षा कठीण, कारण आता लाट पाठीमागून येते आणि अंगातला जोर सरलेला असतो. फुटीच्या बाहेर थांबून पुन्हा जथा मोजायचा, शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठीवरून आत यायचे, खडक आणि लाट यांच्या मध्ये सापडायचे नाही, श्वासनळी तोंडातून काढायची नाही, आणि पाय टेकताच उभे न राहता चार पायांवर रांगत, कालवांनी तळवे कापले तरी, ओल्या रेषेच्या वर जायचे. जागा बंद झाली असेल तर हवा शिल्लक असतानाच दुसऱ्या जागेकडे पोहत सुटायचे. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत, जेव्हा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते आणि कोळी परंपरेने नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहूनच होड्या लोटतात, त्या काळात या काठावर वीस मिनिटे पाहिल्यावर निघणारा निष्कर्ष बहुतेक दिवशी एकच असतो, की सामान आवरून परत फिरावे.