गन घेणे आहे

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. या दोन्ही गोष्टींचा रंगकामाशी काडीचा संबंध नाही. पण घरातला एक माणूस शहरात नोकरीला असला, की दुकानातलं सगळं त्यालाच कळतं असं गावाकडं धरून चालतात. म्हणून आबांचा फोन आला, "पोळ्याच्या आत ट्रॅक्टर रंगवायचा. रंगाची गन तू बघून आण."

आमचा मॅसी १९९८ सालचा, कर्जावर घेतलेला. तेव्हा आमचं हिंगोली परभणी जिल्ह्यात होतं. पुढच्या वर्षी १ मेला जिल्ह्याची वाटणी झाली. कर्ज मात्र सगळंच्या सगळं आमच्याच वाट्याला राहिलं. मूळचा लाल रंग आता कुठं गुलाबी, कुठं गंजका आणि हळदीची पोती वाहून वाहून सांदीकोपऱ्यांत पिवळा. मडगार्डवरची पांढरी अक्षरं तेवढी ठणठणीत : अमुक बँकेकडे तारण.

जेवणाच्या सुट्टीत मी सहज म्हणालो, "एक चांगली गन घ्यायचीय." दारावरचा गार्ड सावध झाला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "घरी शेताच्या बांधाचं काही आहे का?"

बँकेच्या शिस्तीप्रमाणे मी तीन दुकानांतून तीन कोटेशनं आणली. पहिला म्हणाला, डबा खाली असलेली घ्या. रंग जास्त मावतो. दुसरा म्हणाला, डबा वर असलेली घ्या. रंग आपल्या वजनानं उतरतो, तळाचा थेंबही वाया जात नाही. तिसऱ्यानं इंग्रजी नावाची, चकचकीत, पाचपट किमतीची काढली. हिच्यात रंग पत्र्यावर जास्त बसतो आणि हवेत कमी उडतो, म्हणाला. मला अर्थातच तिसरी आवडली. न परवडणारी वस्तू आवडणं हा मध्यमवर्गाचा जन्मसिद्ध हक्क आहे.

कोटेशनं घेऊन मी पेंटर चाचांकडं गेलो. त्यांनी कागद बघितलेच नाहीत. म्हणाले, "साहेब, गनचं नंतर. हवा किती हाय तुमच्याकडं?"

हवा? ती तर औंढ्याच्या माळावर भरपूर आहे!

"कॉम्प्रेसरची हवा, साहेब."

कॉम्प्रेसर भाच्याच्या पंक्चरच्या दुकानातला. चाचा हसले. ती महागडी गन हवा फार खाते. हा कॉम्प्रेसर तिला क्षणभर पुरेल, मग धापा टाकेल, आणि रंग पत्र्यावर पसरायच्या ऐवजी थेंबाथेंबानं पडेल. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गन म्हणजे कर्ज आणि कॉम्प्रेसर म्हणजे परतफेडीची ऐपत! वीस वर्षं मी हेच लोकांना काउंटरवरून सांगत आलो होतो.

शेवटी वर डब्याची साधी गन, १.४ मिलिमीटरचा नोझल, आणि हवेतलं पाणी अडवायची बाटली एवढं घेतलं. श्रावणातली हवा ओली. ते पाणी रंगात गेलं तर फोड येतात. चाचांनी मास्कही घ्यायला लावला. "हार्डनरवाला रंग हाय. रुमालानं भागत न्हाई."

पोळ्याच्या आधीच्या रविवारी, ऊन पडल्याचं बघून काम सुरू झालं. तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर मलाही हात मारू दिला. वीतभराहून थोडं कमी अंतर, हात सरळ, मनगट वाकवायचं नाही, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. पण बँकेतली सवय! पट्ट्याच्या शेवटी माझं मनगट सहीखालच्या रेघेसारखं झटका मारी, आणि तिथून ओघळ. चाचांनी गन हळूच काढून घेतली.

मडगार्ड घासायला मात्र आबा स्वतः बसले. शेवटचा हप्ता २००७ साली गेला होता, बेबाकीचा दाखला कपाटात होता, तरी अक्षरं तशीच. मी कितीदा म्हणालो, "आबा, पुसून टाका." ते टाळत. त्या दिवशी पाणी शिंपडून पॉलिश पेपरनं एकेक अक्षर घासत ते म्हणाले, "हप्ता थकला त्या साली गावातली पोरं हे मोठ्यानं वाचायची. तू तवा कॉलेजात होतास. तुला कळवलं न्हाई."

मी बँकेत चिकटलो, त्या दिवशी आबा पेढा हातात धरून नुसते बसले होते. का, ते मला आता कळलं.

पोळ्याला लालभडक ट्रॅक्टर बैलांच्या शेजारी झूल पांघरून उभा राहिला. आईनं त्यालाही ओवाळलं.

चौथ्या दिवशी बँकेत फोन आला. "अरे, इतकी वर्षं कुणी ट्रॅक्टर मागाय आलं, की मी मडगार्ड दाखवायचो. बँकेची वस्तू हाय बाबा, कशी देऊ? आता सकाळपासून तिघं येऊन गेले."

"मग?"

"मग काय! चाचांना इचार, चार अक्षरं लिहायचे किती घेतील?"