धातूतली रिकामी जागा

अ‍ॅल्युमिनियमच्या निर्दोष स्फटिकात शिरलेला पॉझिट्रॉन साधारण 160 पिकोसेकंद टिकतो. एखादा अणू जागेवरून निसटलेला असेल आणि पॉझिट्रॉन त्या पोकळीत अडकला, तर सुमारे 240. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा फरकावर पदार्थ तपासण्याची अख्खी विद्या उभी आहे.

कारण सरळ आहे. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, धनभारित; अणुकेंद्रेही धनभारित. जिथे केंद्रक नाही तिथे त्याला ढकलणारे कुणी नाही, म्हणून तो तिकडे ओढला जातो. तिथे इलेक्ट्रॉन विरळ, म्हणून गाठ पडायला उशीर. गाठ पडली की दोघेही नाहीसे होतात आणि 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण निघतात. एक कोटी अणूंमागे एक जागा रिकामी असली, तरी तिचा पत्ता लागतो!

*

प्रयोगशाळेत पॉझिट्रॉन बहुधा सोडियम-22 पासून मिळतात; त्याचे अर्धायुष्य 2.6 वर्षे. पण ते सुसाट सुटतात आणि प्रत्येकाची ऊर्जा वेगळी. झोत हवा तर आधी त्यांना संथ करायचे. टंगस्टनच्या पातळ पत्र्यात ते थांबतात, भटकत पृष्ठभागाशी आले की टंगस्टन त्यांना जेमतेम 3 इलेक्ट्रॉनव्होल्टने बाहेर लोटतो. दहा हजारांतले थोडेच इथवर पोहोचतात. म्हणून असा झोत सेकंदाला लाख, फार तर दहा लाखांचा.

*

म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये याही कामासाठी 20 मेगावॅटची अणुभट्टी वापरली गेली. ती 2004 मध्ये सुरू झाली. तिथल्या पॉझिट्रॉन स्रोताचे नाव नेपोमुक. कॅडमियम न्यूट्रॉन गिळते आणि जोरकस गॅमा किरण सोडते. ते प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यांवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या जन्माला घालतात. आणि तेच प्लॅटिनम पॉझिट्रॉनांना संथही करते. जन्म आणि आवर एकाच पत्र्यात. या रचनेचे मला फार कौतुक आहे. हाती येतात सेकंदाला सुमारे 100 कोटी संथ पॉझिट्रॉन. दहा लाखांच्या झोताला ज्या मोजणीला वर्ष लागेल, ती इथे नऊ तासांत उरकते.

(गार्चिंगच्या नगरचिन्हात जुन्या, 1957 च्या अणुभट्टीचा अंडाकृती घुमट आहे. गावाने विज्ञान असे आपलेसे केलेले पाहून बरे वाटते.)

*

एवढे पॉझिट्रॉन कशाला? गमावण्यासाठी. झोत बारीक करायचा तर तो टंगस्टनच्या स्फटिकावर पाडून पुन्हा संथ करावा लागतो, आणि त्यात शंभरातले पाचेकच उरतात. दोनदा केले की हजारातले दोन-तीन. मूळचा झोत लाखाचा असेल तर हातात काहीच राहत नाही. 100 कोटींचा असेल तर जोडकामाच्या सांध्यावरून तो बिंदूबिंदूने फिरवून दोषांचा नकाशा काढता येतो.

*

कधी संख्येबरोबर दाटीही लागते. 2007. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला कॅसिडी आणि मिल्स यांनी पॉझिट्रॉन सापळ्यात साठवून एका दमात सच्छिद्र सिलिकावर सोडले. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन क्षणभर जोडीने राहिले की पॉझिट्रोनियम अणू होतो; असे दोन अणू एकत्र येऊन रेणू बनला. तिथे एकूण संख्येइतकीच एका क्षणी एका जागी झालेली दाटी मोलाची होती.

*

गार्चिंगची अणुभट्टी मार्च 2020 मध्ये थांबली आणि पुढची काही वर्षे बंद राहिली, तिच्यासोबत नेपोमुकही. जगात असे स्रोत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे तुर्भ्याला सोडियम-22 वर चालणारा संथ झोत आहे, आणि तिथेच 100 मेगावॅटची ध्रुव अणुभट्टीही आहे. तिच्या न्यूट्रॉन झोतांवर विद्यापीठांतले संशोधक काम करतातच. भट्टीवर चालणाऱ्या पॉझिट्रॉन स्रोताचा विचारही इथे गांभीर्याने व्हायला हवा.