मॅडम, पंख मोजा!

मागच्या वर्षी एका पुरवणीत माझा लेख आला. फुलावरच्या काळ्या-पिवळ्या माशीचा फोटो माझाच आणि खालची ओळही माझीच : 'मध गोळा करणारी मधमाशी'. दोन दिवसांनी एका वाचकाचा मेल आला : 'मॅडम, पंख मोजा.'

मास कॉमची डिग्री, पाच वर्षं फ्रीलान्सिंग आणि मी पंख मोजले नव्हते!

जानेवारीत कारंजा लाडला घरी गेले. परसात सांभार (म्हणजे तुमची कोथिंबीर) फुलला होता आणि त्यावर त्याच माश्या. मोबाइल घेऊन उकिडवी बसले. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, हिला एकच. मिशा आखूड, डोळे डोकंभर. उडणं हेलिकॉप्टरसारखं, हवेत जागच्या जागी. ही सिरफिड माशी. हिला डंखच नसतो, नुसता मधमाशीचा ड्रेस घालून शत्रूला फसवते. जगात हिच्या सुमारे ६,००० जाती आहेत. ब्रुनेटी यांनी १९२३मध्येच भारतातल्या या माश्यांची वर्गवारी ग्रंथात मांडली होती. बहुतेकींच्या पंखात मधेच सुरू होऊन मधेच संपणारी 'खोटी शीर' असते. काहींच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात, तर काहींच्या चक्क मावा खातात.

मावा! दुपारी बाबा करडईसाठी फवारणीचा पंप काढत होते. मी शेतात धावले. माव्याच्या गर्दीत बिनपायांची हिरवट अळी होती. एकेक मावा उचलून शोषत होती.

"बाबा, थांबा नं. ही अळी मावा खाते."

"पक्कं माहीत हाय तुले?"

तो मेल आठवला. छापलेली चूक एका खुलाशात मिटते. शेतातली चूक बाबांच्या खिशातून जाते. म्हटलं, "खाताना पाहिलंय, एवढं पक्कं. सगळा मावा आटोक्यात येईल का, ते नाही सांगता येत."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग मावा जास्त होता त्या कडेच्या ओळींवरच फवारा मारला. "बाकीचं आठ दिस पाहू."

आठ दिवसांनी पुण्यात फोन आला. "मावा हाय अजून, पण कमी झाला. अन् आयक, त्या माशीचे पंख मोजले म्या. दोनच हायेत."