काळा किल्ला कोणाचा?

चौथीला इतिहास म्हणजे शिवछत्रपती. तोरणा, राजगड, प्रतापगड असं करत वर्ग पुढे सरकतो आणि धारावीतल्या आमच्या महापालिकेच्या मराठी शाळेत कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, काळा किल्ला पण महाराजांचाच ना?" मुलांच्या लेखी काळा किल्ला म्हणजे बसचा डेपो. बसच्या पाटीवर नाव असतं, रिक्षावाला नाव घेतो. पण किल्ला पाहिलेलं पोर वर्गात क्वचितच सापडतं.

"नाही रे, इंग्रजांचा," एवढं सांगून पुढचा धडा घेता येतो. वेळापत्रकाला तेच परवडतं. पण पुढचा प्रश्न लगेच येतो: इंग्रजांना इथे किल्ला कशाला हवा होता? त्याचं खरं उत्तर दिलं की वर्ग गप्प होतो. कारण तो मराठ्यांच्या धास्तीने बांधलेला आहे. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं आणि साष्टी घेतली, म्हणजे आजचे वांद्रे, कुर्ला, अंधेरी हा सगळा पट्टा. मधे मिठीची खाडी. खाडीच्या अलीकडे कंपनी सरकार, पलीकडे पेशव्यांचं सैन्य. त्याच साली गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने खाडीकाठी हा किल्ला उभा राहिला. शीवचा आणि माहीमचा हे किल्ले आधीपासून होतेच, त्यांच्या रांगेत हा आणखी एक.

"म्हणजे आपल्या विरुद्ध?" एकाने विचारलं. त्याच्या मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. घरी तमिळ बोलणारा, शाळेत अस्सल धारावीचं मराठी. तो म्हणाला, "मग आमचे लोक कुठल्या बाजूला होते?"

हा प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकातल्या सगळ्या स्वाध्यायांपेक्षा मोलाचा वाटतो. मी सांगितलं, तुझे लोक तेव्हा मुंबईत आलेच नव्हते. आणि इंग्रजांच्या बाजूला सगळे इंग्रज होते असंही नाही. मुंबईच्या रखवालीसाठी कंपनीने इथल्याच भंडाऱ्यांची पलटण उभी केली होती. मुलांना हे पटायला जड जातं. दोन रंगांत रंगवलेला इतिहास त्यांना आवडतो, मोठ्यांनाही आवडतो.

मग मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढून वर्ग किल्ल्यावर नेला. किल्ला म्हणावा तर निराशाच होते. बुरूज वगैरे काही डोळ्यांत भरत नाही. घरांच्या, वायरींच्या, प्लॅस्टिकच्या गोण्यांच्या गर्दीत काळ्या दगडाची एक भिंत, आणि त्या भिंतीत बसवलेला इंग्रजी शिलालेख. मुलांनी मान वर करून एकेक अक्षर लावलं. जे, ओ, एच, एन. "जॉन! बाई, जॉन लिहिलंय!" पुढे साल सापडलं तेव्हा आरडाओरडा इतका झाला की शेजारच्या खोलीतल्या बाई शिलाई मशीन थांबवून बाहेर आल्या. तिथेच राहतात, पण ती अक्षरं कोणी वाचून दाखवली नव्हती, म्हणाल्या.

मुंबई इंग्रजांकडे आली कशी, हे मी तिथे उभ्या उभ्याच सांगितलं. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार झाला आणि त्यात मुंबई बेट आंदण गेलं. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. "डिपॉझिट किती?" हा प्रश्न फक्त मुंबईचं पोरच विचारू शकतं. दुसरी म्हणाली, "इथे राहणाऱ्या माणसांना विचारलं का?" नाही विचारलं.

घरचा अभ्यास दिला: आपलं घर धारावीत कधी आलं, कुठून आलं, कोणी आणलं? शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला होता. माणसं नुसती 'येतात' असं आपण म्हणतो; त्यांना आणणारं, ढकलणारं कोणीतरी असतं ते राहून जातं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर उत्तरं आली. एकीने लिहिलं होतं, "७२ च्या दुष्काळात आजी सोलापूरच्या गाडीने दादरला उतरली. तिकीट नव्हतं." एकाचे वडील बिहारहून जरीकामाला आलेले. कुंभारवाड्यातल्या मुलीने पणजोबांचं सौराष्ट्रातलं गाव लिहिलं आणि खाली, "सरकारने आम्हाला आधी दुसरीकडे ठेवलं, मग इकडे हलवलं." ते बरोबरच आहे. शहराला भट्टीचा धूर नको होता. तिरुनेलवेलीकडून आलेल्या चामडं कमावणाऱ्यांचंही तेच. वास शहराबाहेर हवा, कत्तलखाना वांद्र्याला. मग चामड्याची कामं धारावीच्या दलदलीत. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला गेला, पण चामड्याची दुकानं अजून आहेत. गोऱ्या साहेबाच्या नकाशावर जी जागा टाकाऊ होती तिथे लोकांनी मडकी भाजली, कातडी कमावली, पोरं वाढवली. आज त्याच जमिनीचा भाव ऐकून चक्कर येते.

कोळीवाड्यातल्या मुलाचा कागद कोराच होता. "आम्ही कुठूनच आलो नाही. आम्ही होतोच." हे त्याने अशा थाटात सांगितलं की वर्गात गलका उसळला. मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत धारावीचं नाव १९०९ च्या गॅझेटिअरमध्ये आहे, हे मी सांगितल्यावर तर तो दिवसभर मालकासारखा हिंडला. मधल्या सुट्टीत 'तू बाहेरचा' असं एरवी एकमेकांना चिडवणारी मुलं त्या दिवशी त्याच्यासमोर सगळीच बाहेरची ठरली. त्यानंतर ते चिडवणं बंद झालं असं सांगायला मला आवडलं असतं. झालं नाही. फक्त आता चिडवताना गावाचं नाव बरोबर घेतात.

२०२४ मध्ये धारावीच्या पुनर्विकासाचं सर्वेक्षण सुरू झालं, घरांवर आकडे पडले. तेव्हापासून 'पात्र', 'अपात्र' हे शब्द मुलांना पाढ्यांपेक्षा पाठ आहेत. १ जानेवारी २००० च्या आधीपासून तळमजल्यावर राहत असल्याचा कागद असेल तर धारावीत घर, हा नियम चौथीचं पोर तोंडपाठ सांगतं. आजीचं तिकीट नव्हतं असं लिहिणाऱ्या मुलीने विचारलं, "बाई, इंग्रजांकडे पुरावा होता?" होता. राजाची सनद होती. "मग ते पात्र," ती म्हणाली आणि वही मिटून डबा काढला.

पुनर्विकासाचे नकाशे जे कोणी काढत असतील त्यांच्याकडे एकच मागणं आहे. काळ्या किल्ल्याच्या त्या शिलालेखासमोर एक वर्ग उभा राहील एवढी जागा मोकळी ठेवा, आणि लेखाखाली मराठीत त्याचा मजकूर लावा. आत्ता तिथे अर्ध्या मुलांना गटारावरच्या फरशीवर उभं राहावं लागतं.