मास्तरीण शिकायला निघते तेव्हा

आमच्या हापिसातून दर वर्षी एखादा तरी पोरगा एम.एस. करायला अमेरिकेला निघतो. केक कापला जातो, चेष्टामस्करी होते, पण पैसे कसे उभे केलेस हे त्याला कोणी विचारत नाही. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. बँकेचं कर्ज, वडिलांची सही, आणि मग तिकडे नोकरी लागली की तीन-चार वर्षांत सगळं साफ. हा हिशोब बँकेच्या मॅनेजरलाही पाठ असतो.

आता हाच हिशोब एखाद्या शिक्षिकेला लावून बघा. बसतच नाही!

माझी मावसबहीण तालुक्याच्या गावी हायस्कूलात ९ वर्षं गणित शिकवते. वय ३३, शिक्षण एम.एस्सी., बी.एड. तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक आहे आणि त्यात पोरांची चुकलेली उत्तरं आहेत. हो, चुकलेली. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं उत्तर दर वर्षी वर्गातली कितीतरी मुलं लिहितात. ती का लिहितात, डोक्यात नेमकं काय चालतं, याचा ताईला ध्यास लागला आहे. त्यासाठी तिला इंग्लंडात गणित-शिक्षण या विषयातलं एक वर्षाचं मास्टर्स करायचं होतं. प्रवेश मिळाला. फी, राहणं, व्हिसा, विमान सगळं धरून खर्च आला ३६ लाख.

शैक्षणिक कर्ज साधारणपणे साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. तारण म्हणजे मावशीचं घर. काका सही करायला तयार होते, पण ताई तयार नव्हती. "अरे, परत येऊन मी त्याच शाळेत त्याच पगारावर शिकवणार. आई-बाबांचं घर गहाण टाकून अपूर्णांक शिकायला जाऊ का मी?" यावर मी काय बोलणार?

म्हणून मग आम्ही दोघांनी विद्यापीठाबाहेरच्या शिष्यवृत्त्या शोधायला घेतल्या. दर शनिवारी रात्री फोन, समोर एक्सेलची शीट. सुरुवातीला ६० ओळी भरल्या तेव्हा काय आनंद झाला होता! मग एकेक अट वाचत गेलो आणि ओळी उडत गेल्या.

इन्लॅक्स शिवदासानी फाउंडेशन १९७६ पासून भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी पाठवतं, १ लाख डॉलरपर्यंत देतं. पण वयाची अट तिशीच्या आत, म्हणजे ताई बाद. (तिथे इंजिनीअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना प्रवेशच नाही. आम्हाला दारातच अडवणारी यादी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली!) अमेरिकेत शिक्षकांसाठी टीच ग्रँट आहे, इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी जेम्स मॅडिसन फेलोशिप आहे, पण त्या तिथल्याच लोकांना. नॅशनल अकॅडमी ऑफ एज्युकेशन आणि स्पेन्सर फाउंडेशनची प्रबंधासाठीची फेलोशिप कुठल्याही देशाच्या नागरिकाला मिळू शकते, पण ती अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्यांना, तीही प्रबंध लिहिण्याच्या टप्प्यावर. युरोपातल्या इरास्मस मुंडसमध्ये शिक्षणधोरणाचा 'ग्लोबएड' नावाचा अभ्यासक्रम आहे, दरमहा १४०० युरोची शिष्यवृत्ती आहे. पण ताईला धोरण नको, अपूर्णांक हवेत. शेवटी ६० च्या उरल्या ५.

ही गाळणी लावताना एक गोष्ट लक्षात आली. आपण 'मला काय मिळेल' असं वाचत असतो. त्याऐवजी 'हा माणूस पैसे का देतोय' असं वाचलं की अर्धं काम होतं.

स्पेन्सर फाउंडेशनचंच बघा. लाइल स्पेन्सर नावाच्या गृहस्थांची शाळांसाठी चाचण्या आणि अभ्याससाहित्य बनवणारी कंपनी होती, सायन्स रिसर्च असोसिएट्स. १९६४ साली ती कोणी विकत घ्यावी? आयबीएमने! पैसा शिक्षणातून आला, तेव्हा तो शिक्षणाच्या संशोधनालाच परत जावा, असा त्यांचा साधा विचार. त्यामुळे तिथे 'मी गरीब आहे' हे सांगून उपयोग नाही, तुमचा संशोधनाचा प्रश्न किती पक्का आहे ते बघतात. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट निधी पैसे देतो तो कर्ज म्हणून. तुम्ही फेडता, ते पुढच्याला मिळतात. अगदी सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या! कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती १९५९ च्या ऑक्सफर्डच्या शिक्षण परिषदेतून निघाली, तिला तुमच्या शिक्षणाचा तुमच्या देशाला काय उपयोग हे हवं असतं. चेव्हनिंग हा ब्रिटिश सरकारचा उपक्रम, त्यांना उद्याची पुढारी माणसं हवीत. म्हणून २८०० तासांच्या कामाचा अनुभव मागतात आणि नेतृत्वावर निबंध लिहायला लावतात.

आणि फुकट काही नसतं हेही कळलं. चेव्हनिंग घेतली तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. अमेरिका-कॅनडात शिकणाऱ्या परदेशी मुलींसाठी पी.ई.ओ. या महिलांच्या संस्थेची १९४९ पासूनची शिष्यवृत्ती आहे, तिथेही परतण्याची अट. टीच ग्रँटची गंमत तर भारीच. शिक्षण संपल्यावर ८ वर्षांत ४ वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत, शिक्षकांची टंचाई असलेला विषय शिकवला नाही, तर अनुदानाचं कर्ज होतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. ताईला परतच यायचं होतं, त्यामुळे जी अट इतरांना जाच वाटते ती तिच्या पथ्यावर पडणारी.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडतील. एक, कॅलेंडर. पुढच्या सप्टेंबरात शिकायला जायचं तर चेव्हनिंगचे अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर शोध सुरू करणाऱ्याची गाडी तोवर सुटलेली असते. दोन, बाहेरून पैसे मिळाले की काही विद्यापीठं आपली फी-सवलत तेवढीच कमी करतात, म्हणजे इकडून आलं आणि तिकडून गेलं. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये सरकारी विद्यापीठांपुरता याविरुद्ध कायदा केला, पण सगळीकडे तसं नाही. म्हणून आधीच ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. तीन, शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आगाऊ फी मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

पण खरी अडचण यातली कुठलीच नव्हती. अडचण होती ताईच्या निबंधाची. पहिला मसुदा वाचला तर 'मला लहानपणापासून अध्यापनाची आवड आहे' छापाचा. ९ वर्षं वर्ग गाजवणारी बाई कागदावर एकदम सातवीतल्या वक्तृत्व स्पर्धेतली मुलगी झाली होती. मी दोनदा सांगून बघितलं, उपयोग शून्य.

तो सोडवला जिल्ह्यातल्या एका छोट्या ट्रस्टने. ५० हजार रुपये देणारा ट्रस्ट, शीटमधली सगळ्यात खालची ओळ. मी तर म्हणत होतो, जाऊ दे, एवढ्यासाठी एक दिवस रजा कशाला टाकतेस? ताई गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या विश्वस्तांनी अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाई, तुम्ही परत आल्यावर तुमच्या शाळेतल्या पोराला सोमवारी सकाळी काय वेगळं मिळेल?" ताई म्हणे पाऊण तास बोलत होती. ट्रंकेबद्दल, दोन पंचमांशबद्दल, चूक का होते ते कळलं तर ती वर्गात कशी वापरता येईल त्याबद्दल. घरी येऊन तिने तेच जसंच्या तसं लिहून काढलं. तो झाला निबंध.

पहिल्या वर्षी तरीही मोठं काहीच मिळालं नाही. विद्यापीठाने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून दिला. दुसऱ्या वर्षीही पूर्ण शिष्यवृत्ती आली नाही, तुकडे आले. विद्यापीठाकडून ११ लाखांची फी-सवलत (बाहेरून पैसे आले तरी ती कमी होणार नाही, हे लेखी घेतलं), एका संस्थेची १० लाखांची कर्जाऊ शिष्यवृत्ती, ट्रस्टचे ५० हजार, ताईची साठवण आणि पी.एफ. मिळून साडेसात. बाकी राहिले ७ लाख. शनिवारी रात्री शीटमध्ये तो आकडा उमटला आणि आम्ही दोघंही फोनवर गप्प. सातला तारण लागत नाही!

म्हणजे ५० हजारांशिवाय ते साडेसातला टेकले असते, बरोबर काठावर. त्या ट्रस्टच्या ओळीला मी आता पिवळा रंग दिलाय.

कर्ज ताईवर आहेच, दोन्ही मिळून १७ लाख. शिक्षिकेच्या पगारातून ते फिटायला वर्षं लागतील, हे तिला माहीत आहे आणि तिने ते मोजून घेतलं आहे. पण ते तिचं तिच्या नावावर आहे, मावशीच्या घरावर नाही. शाळेने बिनपगारी रजा मंजूर केली आहे.

तुमच्या घरात, नात्यात अशी कोणी शिक्षिका असेल तर तिच्यासाठी एक शीट उघडून द्या. आपल्याला तेवढं तर येतं.

सध्या बॅग भरणं चालू आहे. २३ किलोची मर्यादा, आणि त्यातल्या ६ किलो चुकलेल्या उत्तरांच्या वह्या. लोणच्याची बरणी बसत नाही म्हणून मावशी रुसली आहे.