चौदा महिन्यांचा गंज

झिक्रीतच्या वाळवंटात लेकाचा चेंडू गाडीखाली गेला, म्हणून आबा गुडघे टेकून वाकले. चेंडू बाहेर आला, पण आबा काही उठेनात. "अगं, बॅटरी दे जरा," म्हणाले. मी मोबाइलचा दिवा लावून दिला. दोन-तीन मिनिटांनी वाळू झटकत ते उभे राहिले आणि मला हळूच विचारलं, "ही गाडी नवीच घेतली होती ना तुम्ही?"

नवीच होती. दोन दिवाळ्यांपूर्वी पाडव्याला घेतलेली, सात आसनी, पांढरी. सलवा रोडवरच्या शोरूममधून घरी आणली, पार्किंगमध्येच हळदकुंकू लावलं, नारळ मात्र चाकाखाली न ठेवता घरी आणून फोडला, कारण इमारतीच्या राखणदाराला ते समजावून सांगणं कठीण होतं. या गोष्टीला चौदा महिने झाले होते. आबा, म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे आले होते. त्यांनी गंज म्हटलं की तो गंजच.

मीही वाकून पाहिलं. सांधे, बोल्ट, जॅक लावायची जागा, सगळीकडे तांबूस पापुद्रे. एके ठिकाणी नख लावलं तर भुगा हातात आला.

गंमत अशी की आम्ही त्या दिवशी मुद्दाम गंज बघायलाच ऐंशी किलोमीटर गेलो होतो. ज्यांनी झिक्रीतची ती पोलादी पाती पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराने 2014 साली तिथे चार प्रचंड पोलादी पत्रे उभे केले. नाव 'ईस्ट-वेस्ट/वेस्ट-ईस्ट'. दोन पत्रे 14.7 मीटर उंच, दोन 16.7 मीटर, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर एक किलोमीटरहून जास्त. जमीन वरखाली आहे, पण चौघांचे माथे एका पातळीत येतात. भोवती जिप्समच्या बुटक्या टेकड्या, माणूस नाही, झाड नाही. त्या पोलादाला रंग दिलेला नाही. ते गंजावं, नारिंगी व्हावं, मग तपकिरी, मग काळपट व्हावं, हाच त्यामागचा विचार. आपल्या कोर्निशजवळच्या इस्लामिक कला संग्रहालयाच्या बागेतला '7' नावाचा उंच मनोराही त्यांचाच, 2011 सालचा.

लेक म्हणाला, "तो गंज चांगला आणि आपला वाईट, असं कसं?" मी शाळेत भूगोल शिकवायचे, तरी पटकन उत्तर सुचेना. आबा म्हणाले, "त्याला जाडी आहे बाळा. तो खाऊन खाऊन किती खाणार? आपला पत्रा एक मिलीमीटरसुद्धा नाही."

परतीच्या रस्त्यावर आबा खिडकीबाहेर बघत होते. दुखानजवळ हमरस्त्याच्या बाजूला जी पांढुरकी, ओलसर दिसणारी सपाट जमीन लागते ती सबखा. समुद्रसपाटीच्याही खाली असलेला हा पट्टा. जमिनीखालचं खारं पाणी वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे राहतं. वारा सुटला की तेच धुळीबरोबर उडून आपल्या बाल्कनीत, एसीच्या जाळीत आणि गाडीखालच्या फटींत जाऊन बसतं. शिवाय आखाताचं पाणी महासागरापेक्षा जास्त खारट. महासागरात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, इथे 40 च्या वर.

"पण पाऊस कुठे आहे इथे?" आबांचा प्रश्न रास्त होता. दोह्यात वर्षाला जेमतेम 75 मिलीमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. चिपळूणला खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी रेड ऑक्साइड लावावं लागतं हे समजतं, वाळवंटात कशासाठी? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाच्या डबीला पाणी सुटतं म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकायची. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर तेहतीस-चौतीस टक्क्यांनाच ओले होतात. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. म्हणजे पावसाचा थेंब न पडता गाडीखालचं मीठ रात्रभर ओलं राहतं. कोकणातला पाऊस निदान धुऊन तरी नेतो. इथे धुणारं कोणी नाही, कारण आपण सगळे पेट्रोल पंपावर गाडी वरून चकाचक करून घेतो आणि खाली कोणी बघत नाही. नव्या खासगी गाडीला पहिली तीन वर्षं फाहेसची तपासणीही लागत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या तरुणाने गाडी वर उचलून फोटो काढले आणि वॉरंटीचं पुस्तक उघडलं. पत्र्याला आतून आरपार भोक पडलं तर वॉरंटी, वरवरचा गंज असेल तर नाही. मग त्याने सहज विचारलं, "गाडी कधी समुद्रावर नेली होती?"

"पाण्यात कधीच नाही," नवरा म्हणाला. त्याच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं.

मी गप्प बसले.

मंडळाच्या सीलाइनच्या सहलीत पुरुषमंडळी शेगडीभोवती कणसं भाजत होती तेव्हा मागच्या सीटवर चार मुलं कोंबून पाण्याच्या कडेकडेने गाडी फिरवली होती ती मी. पाणी उडायला लागलं की मुलं किंचाळायची आणि मी अजून थोडी आत घ्यायचे. असे चार फेरे. खरं सांगते, दोह्यात आल्यापासून इतकी मोकळी मी क्वचितच हसले असेन. नंतर गाडी पंपावर धुतली. अर्थातच वरून.

घरी आल्यावर नवरा इरेला पेटला. ग्राहक संरक्षणाचा कायदा इथे 2008 पासून आहे, वाणिज्य मंत्रालयाकडे तक्रार करता येते, 16001 हा क्रमांक त्याने लिहूनही ठेवला. तक्रारीचं इंग्रजी नीट व्हावं म्हणून मसुदा माझ्याकडे आला. 'गाडी कधीही समुद्राच्या पाण्यात नेलेली नाही,' हे वाक्य लिहायचं होतं. मी दोन संध्याकाळी ते लिहिलंच नाही. आठ वर्षं मुलांना सांगत आले होते, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, खोटं लिहू नका.

तिसऱ्या दिवशी आबा सोफ्यावर आपला गेल्या वर्षीचा दिवाळी अंक चाळत होते. सहलीच्या पानावर थांबले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तो अंक असेल. डाव्या कोपऱ्यातल्या फोटोत मागे एक पांढरी गाडी आहे, तिच्या चाकांपाशी पाण्याचे फवारे आहेत. ती आमची. आबांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. बोलले काहीच नाहीत. त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला, पण गाडीवरून नव्हे. "काउंटरवर मला खोटं बोलू दिलंस," म्हणाला. त्याला मी काय उत्तर देणार?

दुसऱ्या दिवशी आबांनी आपणहून गाडी तपासायला घेतली. आमच्या पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून, टॉर्च घेऊन, दोन तास. "खालचं तुझ्या समुद्राचं आणि या हवेचं," म्हणाले, "पण हे बघ." मागच्या दाराच्या खालच्या घडीत, रबर उचलल्यावर, आतल्या बाजूने गंज होता. तिथे रंग चढलेलाच नव्हता. पाणी वाहून जायची भोकं वाळूने बुजलेली होती, तो दोष आमचा. पण रंग नसणं आमच्या हातून झालेलं नव्हतं. "एसटीच्या जुन्या गाड्यांना बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, तिला असा गंज चढत नाही. खालची चासी मात्र खायची. आम्ही रोज खालूनच बघायचो."

आम्ही परत सर्व्हिस सेंटरला गेलो. या वेळी मी बोलले. समुद्राचं आधी सांगितलं, मग दार दाखवलं. तो तरुण हसला, म्हणाला की असं कोणी येऊन सांगत नाही. दार त्यांनी वॉरंटीत दुरुस्त करून रंगवून दिलं, पण त्याला पाच आठवडे आणि तीन फेऱ्या लागल्या. खालच्या गंजाला साफ नकार. तो आम्ही सनाय्यात एका मल्याळी गॅरेजवाल्याकडून घासून, गंजरोधक लावून घेतला. साडेसातशे रियाल. त्या दिवशी आबा तिथे खुर्ची टाकून बसले होते आणि त्याला मराठी-हिंदीतून सूचना देत होते. तो मल्याळममधून वाद घालत होता. दोघांचं छान जमलं.

मार्चमध्ये आबा चिपळूणला परत गेले. जाताना बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून झिक्रीतचा एक पांढरा दगड नेला आणि मला म्हणाले, आपल्या घराच्या जांभ्याला जो लाल रंग आहे ना, तोही लोखंडाचा गंजच. भूगोलाच्या बाईंना हे ठाऊक होतं, पण त्या दगडाच्या भिंतींत बारा वर्षं सून म्हणून वावरताना कधी आठवलं नव्हतं. आता दर शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन येतो. नातवाची चौकशी नंतर, आधी, "खालून धुतली का गाडी?"

येत्या जानेवारीत मंडळाची सहल पुन्हा सीलाइनला आहे असं ऐकते. आमची गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच उभी राहील. तिथून पाण्यापर्यंत कणसांची पिशवी आणि आमची दोन मुलं नेण्यासाठी कुणाच्या गाडीत जागा असेल तर कळवावं.